चर्चसमोरच्या बागेतला खांब

सांतिनेजची_सावली
शुक्रवारी आईला डोळे तपासायला पणजीत नेलं होतं. डॉक्टरांनी थेंब घातले आणि तासाभरानं या म्हणाले. थेंब घातलेल्या आईला घेऊन बाजारात कुठे हिंडणार? म्हणून चर्चसमोरच्या बागेत जाऊन बसलो. माळी पाण्याच्या नळीची वेटोळी सोडवत होता. नळीला एका जागी भोक, त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून बांधलेली. तरी बारीक फवारा उडत होताच, आणि दोन साळुंक्या त्यात आळीपाळीनं अंघोळ करत होत्या. एकीचं होईपर्यंत दुसरी बाजूला थांबायची. रांग लावायची शिस्त आमच्यापेक्षा बरी.

आईला धड दिसत नव्हतं, म्हणून मी तिला एकेक सांगत बसले. बँडस्टँड, रंगवलेले बाक, मधला उंच खांब. खांबावर चार सिंह. आणि सांगता सांगताच मला जाणवलं की खांबाची घडण एका मुलखाची आहे आणि वरचे सिंह दुसऱ्या. आयुष्यभर या बागेवरून गेलेय, पण कधी मान वर करून नीट बघितलं नव्हतं. आई म्हणाली, "पयलीं थंय कोण तरी खाडवालो आशिल्लो." म्हणजे पूर्वी तिथे कुणीतरी दाढीवाला होता. खाड म्हणजे दाढी. आई गोवामुक्तीच्या वेळी (१९६१) बारा वर्षांची होती, तेव्हा तिच्या आठवणीवर माझा विश्वास आहे.

आता खरं काम. भाची आठवीत आहे आणि तिला शाळेतून प्रकल्प दिलाय, 'आपल्या राज्यातील सार्वजनिक उद्याने व त्यांचा इतिहास'. मावशी मराठीत लिहिते म्हणून तो माझ्या गळ्यात. इंटरनेटवर गोवा आणि उद्यान असं शोधलं तर समुद्रकिनाऱ्यांची यादी येते, नाहीतर पाण्यात खेळायचे पार्क. राज्याची अशी काही उद्यानव्यवस्था गोव्यात आहे का? कुणी उभारली? आणि तो खाडवालो कोण?

रायबंदरची_फेरी
आईंची आठवण पक्की आहे. तो वास्को द गामा.

बाग १८५५ सालची. नाव जार्दीं (म्हणजे बाग) गार्सिया द ओर्ता, आता कागदोपत्री म्युनिसिपल गार्डन, आणि तोंडी नुसती 'चर्चकडली बाग'. गामा भारतात पोचल्याला १८९८ मध्ये चारशे वर्षं झाली, तेव्हा हा खांब उभारून त्यावर त्याचा अर्धपुतळा बसवला. मुक्तीनंतर पुतळा उतरवला, खांब ठेवला आणि वर अशोकस्तंभाचे सिंह आले. म्हणजे तुम्हाला जे जाणवलं ते बरोबरच आहे. चौथरा पोर्तुगीज, माथा भारतीय.

अगदी असंच दोन मिनिटांच्या अंतरावर आझाद मैदानातही झालंय. तिथला गोल मंडप १८४७ चा. त्याचे खांब जुन्या गोव्यातल्या पडक्या धर्मवास्तूतून आणलेले. त्या मंडपात आफोंसो द आल्बुकेर्कचा पुतळा होता, ज्यानं १५१० मध्ये गोवा जिंकला तोच. आज तिथे टी. बी. कुन्हांचं स्मारक आहे, ज्यांनी जन्मभर त्याच सत्तेशी झुंज दिली. आल्बुकेर्क साहेब जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात. पोर्तुगीज कवी कामोंइशचा पुतळाही तिथेच. तो १९६० मध्ये, म्हणजे पोर्तुगीज जायच्या जेमतेम वर्षभर आधी, जुन्या गोव्यातल्या दोन मोठ्या चर्चच्या मधल्या हिरवळीवर बसवला होता. गोव्यातल्या बागांचा इतिहास लिहायचा तर अर्धा त्या संग्रहालयात उभा आहे असं समजा. भाचीला आधी तिकडेच न्या.

मडगावकर
पणजीवाल्यांना गोवा चर्चच्या पायरीपासून सुरू होतो आणि कांपालला संपतो असं वाटतं, हे या धाग्यावरून पुन्हा सिद्ध. आमच्याकडे नगरपालिकेच्या इमारतीसमोर बाग आहे, शेजारी आगाखान पार्क आहे, आणि थोडं पुढे लोहिया मैदान आहे. पुतळे बदलण्याचा उद्योग आम्हाला फारसा करावा लागला नाही, कारण आमच्या मैदानाला नाव मिळालं तेच मुळी पोर्तुगीजांना ललकारल्याबद्दल. १८ जून १९४६, धो धो पाऊस, सभेला बंदी, आणि लोहिया नि डॉ. ज्युलियांव मिनेझिस घोडागाडीतून उतरले. प्रशासकानं पिस्तूल काढलं तर लोहियांनी त्याचा हात धरून बाजूला सारला. आमचे आजोबा तिथे होते. अर्थात मडगावातल्या प्रत्येकाचे आजोबा तिथे होते, तेव्हा आकडा जपून धरावा.

उद्यान म्हणून ते मैदान शून्य आहे. सावली नाही. पण सार्वजनिक जागा कशाला म्हणतात ते भाचीला तिथे कळेल.

हिंजवडी_एक्झिट
गोव्यात बागा हव्यात कशाला हो? १०० किलोमीटरच्या वर समुद्रकिनारा आहे तुम्हाला. आम्ही पुण्यात एका सारसबागेत सगळं शहर कोंबतो. तुम्ही उद्यानाची तक्रार करणं म्हणजे पंगतीत बसून श्रीखंड गोड असल्याची तक्रार.

डिचोलीची_सून
@हिंजवडी_एक्झिट, दादा, तुम्ही डिसेंबरात येता आणि चार दिवसांनी जाता. माझ्या सासरहून किनारा गाठायला बस बदलून दीड तास लागतो. सत्तरी, सांगे, धारबांदोडा, केपे, इथल्या लोकांना समुद्र म्हणजे वर्षातून एकदा. आणि जे किनाऱ्यावर राहतात त्यांनाही संध्याकाळी म्हाताऱ्या माणसाला घेऊन बसायला जागा हवी असते, जिथे कुणी खुर्चीचे पैसे मागणार नाही.

आता माझी कथा. आमच्या भागातल्या एका बागेत (गावाचं नाव सांगत नाही, उगाच वाद) मुलाला रोज नेते. तिथल्या झोपाळ्याची एका बाजूची साखळी तुटली. कुणीतरी हिरवी नायलॉनची दोरी बांधली. दोन पावसाळे झाले, दोरी तीच, आता पांढरी पडलीय. मी लेखी अर्ज केला. पहिल्या ऑफिसात म्हणाले जागा आमची, पण खेळणी दुसऱ्या योजनेतून आली. दुसरीकडे म्हणाले खेळणी आम्ही दिली, पण ताब्यात दिली, आता देखभाल त्यांची. तिसरीकडे मला पाठवलं ते विजेच्या बिलासाठी, का ते आजवर कळलेलं नाही. माझा मुलगा आता झोपाळ्यावर बसतच नाही, त्या दोरीची गाठ कशी मारली आहे ते बघत बसतो. फाटक दुपारी बंद. म्हणजे गावाहून आलेल्या बाईला दोन बसच्या मधले तीन तास काढायचे असतील तर तिने फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर बसायचं आणि आतल्या रिकाम्या बाकांकडे बघायचं.

उद्यानव्यवस्था आहे का, या प्रश्नाचं माझं उत्तर हे.

सांतिनेजची_सावली
@डिचोलीची_सून, बाय, दोरीची गाठ वाचून वाईटही वाटलं आणि हसूही आलं. मला बागांच्या व्यवस्थेची साधी चौकट कुणी सांगेल का? म्हणजे कुणाची कुठली?

रायबंदरची_फेरी
एका छत्राखाली नाही, एवढं नक्की. शहरांतल्या बागा बहुतेक पालिकांच्या. १३ नगरपालिका आणि पणजीची एक महानगरपालिका. अभयारण्यं, राष्ट्रीय उद्यान, बोंडल्याचं प्राणिसंग्रहालय वनखात्याकडे. जुन्या गोव्यातल्या मोठ्या चर्चभोवतीची हिरवळ केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे. प्रत्येकाचा कुलूपवाला वेगळा.

शहरी भागाची सुरुवात कुठे झाली विचाराल तर कांपाल. १८२६ ते १८३५ दों मान्युएल द पोर्तुगाल इ काश्त्रु इथे सत्तेवर होता. पणजी तेव्हा चिखल आणि दलदल. त्यानं भराव टाकला, सरळ रस्ते आखले, नदीकाठी मोकळं मैदान सोडलं. 'कांपु द दों मान्युएल', त्याचंच तोंडी कांपाल. पणजी अधिकृत राजधानी झाली १८४३ मध्ये आणि बारा वर्षांनी चर्चपुढची बाग. तेव्हाच्या साहेबाला राजधानी म्हणजे चौक, बाग आणि बँडस्टँड हवाच, आजच्या साहेबाला जसं कारंजं हवं असतं. कांपालच्या बागेत फ्रान्सिस्को लुईस गोमिशचा पुतळा आहे. नावेलीचा डॉक्टर, पोर्तुगालच्या संसदेत गोव्याची बाजू मांडणारा, चाळिशीतच (१८६९) वारला. तो पुतळा कुणी हलवला नाही, बघा. पुढे मुलांसाठी भगवान महावीरांच्या नावाची बाग आहे आणि पलीकडे चार्ल्स कोरियांची कला अकादमी. कांपालला एका रेषेत चाललात तर दीडशे वर्षं पायाखालून जातात. वर पर्जन्यवृक्षांची सावली, म्हणून ऊनही लागत नाही.

परखड
सगळं ठीक आहे, पण बागेला अजून गार्सिया द ओर्ताचं नाव कशाला? गामा उतरवला, आल्बुकेर्क उतरवला, मग हा कोण लागून गेला? एखाद्या गोमंतकीयाचं नाव द्या.

जुनी_पानं
@परखड, तुमचा राग समजतो. पण त्या तिघांना एका माळेत ओवू नका. थोडं लांब लिहितो, माफ करा, हा माझा आवडता माणूस आहे.

ओर्ता वैद्य होता, सैनिक नव्हे. १५३४ मध्ये गोव्यात आला आणि मरेपर्यंत, १५६८ पर्यंत, इथेच राहिला. घराभोवती औषधी झाडांची बाग केली. मुंबईचं बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्यानं होतं, तिथेही त्याची बाग आणि आंब्याची झाडं. या अख्ख्या मुलखातलं काय खातात, काय उगाळतात, कशाचा काढा करतात हे तो वैद्यांना, व्यापाऱ्यांना, दासींना विचारत फिरला आणि १५६३ मध्ये गोव्यातच पुस्तक छापलं. गोव्यात छापखाना येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती. पुस्तकाची रचना मजेशीर आहे. एक स्वतः ओर्ता, दुसरा नुकताच आलेला चौकस पाहुणा. पाहुणा विचारतो, ओर्ता उत्तर देतो, मध्येच मोलकरीण येऊन काहीतरी सांगते, विषय भरकटतो, परत येतो. नारळ, फणस, आंबा, विड्याचं पान, हिंग, पटकीचा रोग. थोडक्यात, हा धागाच. फक्त तिथे मडगावकर नाहीत.

आता दुसरी बाजू. ओर्ताचं घराणं मूळचं ज्यू, जबरदस्तीनं ख्रिस्ती झालेलं. गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, १५६० मध्ये बसलं. तो जिवंत असेपर्यंत त्याला हात लागला नाही, मोठमोठ्यांचा वैद्य होता. तो गेल्यावर पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, जिवंत जाळलं. १५८० मध्ये ओर्ताची हाडं उकरून काढली आणि तीही जाळली. इन्क्विझिशन गोव्यातून कायमचं गेलं १८१२ मध्ये. आणि ज्या सत्तेनं हाडंसुद्धा मातीत राहू दिली नाहीत, त्याच सत्तेनं पुढे राजधानीच्या पहिल्या बागेला त्याचं नाव दिलं, तेही चर्चच्या ऐन समोर.

थडगं नसलेल्या माणसाच्या नावानं झाडं लावलेली एक जागा आहे. ती राहू द्या असं मला वाटतं. गोमंतकीयाच्या नावाची बाग हवी तर नवी करा. जागा कमी पडत असेल तर आधी ती विचारा कुठे गेली.

परखड
हाडांचं माहीत नव्हतं. नावाचा मुद्दा मागे घेतो. बाकी मतं तीच.

मडगावकर
@जुनी_पानं, 'तिथे मडगावकर नाहीत' याची नोंद घेतली आहे. उत्तरादाखल एवढंच की तुम्ही ज्या बाकावर बसून हे वाचताय तो 'बाक' शब्दही पोर्तुगीज 'बांकु'वरून आलेला. आम्ही तर अजून बांकच म्हणतो. तेव्हा बागेतून सगळं पोर्तुगीज काढायचं ठरलं तर उभं राहून बसावं लागेल.

हेडलँडवाला
आमच्या मुरगावातल्या सड्यावरच्या जॅपनीज गार्डनचा उल्लेख कुणीच केला नाही, म्हणून हजेरी. जपानी काय आहे ते विचारू नका. पण कड्यावरून खाली समुद्र आणि बंदराकडे येणारी जहाजं दिसतात, वारा फुकट.

पेडावरचो_मास्तर
धागा वाचतोय दोन दिवस. सगळे १८५५ पासून सुरुवात करताहेत. मी शाळेत ३४ वर्षं इतिहास शिकवला, आणि मुलांना 'गोव्यातली पहिली बाग कोणती' असं कधीच विचारलं नाही, कारण प्रश्नच चुकीचा आहे असं माझं मत. जार्दीं यायच्या आधी लोक काय घरात कोंडून बसत होते?

प्रत्येक गावाला मांड होता, आजही आहे. मांड म्हणजे नुसतं पटांगण नव्हे. तिथे शिगम्याला ढोल वाजतो, गावकीचा निवाडा होतो, धालोच्या रात्री बायका तिथे गातात, आणि एरवी पोरं क्रिकेट खेळतात. मांडावर चप्पल घालून जाऊ नये हे पोरांना माहीत असतं. क्रिकेटच्या वेळी त्याला सूट कुणी दिली ते माहीत नाही. दुसरा पेड. वडापिंपळाला बांधलेला पार. तुमच्या देशावर पार म्हणतात, आमच्याकडे पेड. माझं नाव त्याच्यावरूनच. तिसरी तळी, देवळाची किंवा गावाची. चौथी राय, म्हणजे देवराई.

हे सगळं कुणाचं? गावाचं. जमीन गावकरीच्या ताब्यात, म्हणजे पुढे पोर्तुगीजांनी ज्याला कोमुनिदाद म्हटलं ती व्यवस्था. १५२६ मध्ये आफोंसो मेशिया नावाच्या अधिकाऱ्यानं गावकऱ्यांना विचारून त्यांचे रिवाज लिहून काढले, ते गावकरीबद्दलचं सगळ्यात जुनं पोर्तुगीज लिखाण. त्यात तो स्वतःच कबूल करतो की ही व्यवस्था आम्ही यायच्या कितीतरी आधीची. शेत लिलावानं कसायला द्यायचं, बांध-मानस (मानस म्हणजे बांधाची पाणदारं) दुरुस्त ठेवायचे, देवळाचा आणि वाटांचा खर्च काढायचा आणि उरलं ते गावकारांत, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांत, जोण म्हणून वाटायचं. झोपाळ्याची साखळी कुणाची, हा प्रश्न तिथे उद्भवत नव्हता.

फार गोड करून सांगत नाही. जोण सगळ्यांना मिळत नव्हता, गावकाराच्या पुरुषांना मिळत होता. मांडावर मानाच्या जागा ठरलेल्या, आणि काहींना मांडाच्या कडेलाच उभं राहावं लागे. पेडावर माझी आजी कधी बसलेली मी पाहिली नाही. या बाबतीत नगरपालिकेचा बाक श्रेष्ठ. त्यावर कोण कुणाचा हे न विचारता बसता येतं. ते श्रेय जार्दींला द्यायलाच हवं.

डिचोलीची_सून
मास्तर, शेवटच्या परिच्छेदासाठी नमस्कार. आमच्या सासूबाई बागेतल्या बाकावर पाय वर घेऊन बसतात, घरच्या सोप्यावर बसत नाहीत तशा.

आकडेमोड
अभयारण्यांवर कुणी लिहिलं नाही म्हणून मी. भाचीला तक्त्यात घालता येईल.

साठचं दशक संपता संपता पहिली तीन झाली, बोंडला, मोले आणि खोतीगाव. बोंडला सगळ्यात छोटं, ८ चौरस किलोमीटर, त्यातच प्राणिसंग्रहालय आणि वनस्पती उद्यान. (गुरुवारी बंद असतं. मी कुटुंबासह गुरुवारी गेलो होतो.) मोलेचं नाव पुढे भगवान महावीर अभयारण्य झालं आणि १९७८ मध्ये त्यातला १०७ चौरस किलोमीटरचा गाभा राष्ट्रीय उद्यान म्हणून वेगळा काढला, गोव्यातलं एकमेव. उरलेलं अभयारण्य १३३. दूधसागर आणि तांबडी सुर्लाचं कदंबकालीन महादेवाचं देऊळ याच पट्ट्यात. खोतीगाव ८६. चोडणला मांडवीतल्या खारफुटीत डॉ. सलीम अलींच्या नावाचं पक्षी अभयारण्य १९८८ मध्ये, फक्त १.७८ चौरस किलोमीटर. रायबंदरहून फेरीत बसायचं, उतरलं की समोरच.

आणि मग १९९९. राज्यात राष्ट्रपती राजवट होती, राज्यपाल लेफ्टनंट जनरल जेकब. त्या काळात म्हादई (२०८) आणि नेत्रावळी (२११) ही दोन एकदम जाहीर झाली. लोकनियुक्त सरकार असतं तर खाणींच्या त्या दिवसांत झाली असती का, हा प्रश्न परीक्षेत विचारणार नाहीत. बेरीज केली तर साधारण ७५५ चौरस किलोमीटर. गोवा ३,७०२. म्हणजे राज्याचा पाचवा हिस्सा. सह्याद्रीची जवळजवळ सलग पट्टी, महाराष्ट्राच्या हद्दीपासून काणकोणपर्यंत.

हिंजवडी_एक्झिट
पाचवा हिस्सा?! श्रीखंडाची उपमा मागे घेतो, उलट ठाम करतो.

सत्तरीचो
तक्ता बरोबर आहे. पण तक्त्यात माणसं दिसत नाहीत.

१९९९ मध्ये एका सकाळी आम्ही अभयारण्यात राहायला गेलो, घर न हलवता. माझ्या बापानं लावलेली काजूची बाग कुणाची, यावर अजून नीट निकाल नाही. हक्कांचे दावे घातले, सुनावण्या झाल्या, कागद या टेबलावरून त्या टेबलावर. शहरातून येणाऱ्याला ते उद्यान, आम्हाला ते पोरसू (परसबाग) आणि गुरांची वाट. २०२० च्या जानेवारीत गोळावलीला वाघीण आणि तिचे तीन बछडे विष घालून मारलेले मिळाले. त्या आठवड्यात सगळ्या वाहिन्यांच्या गाड्या आल्या. आम्ही वाघांचे वैरी म्हणून दिसलो. आमच्याकडे घुमटीत वाघाची मूर्ती पूजतात, तेही दाखवा म्हटलं, दाखवलं नाही. जे केलं ते पाप होतं, त्यात दुमत नाही. २०२३ मध्ये हायकोर्टानं व्याघ्र प्रकल्प जाहीर करा म्हणून सांगितलं, सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. आम्ही अजून घर न हलवता तिथेच.

पण मास्तरांनी राय म्हटलं म्हणून लिहायला बसलो. नगरगावकडे बांबरला निरंकाराची राय आहे. बारमाही ओहोळ आणि त्यात उभी रानजायफळाची झाडं. पाणथळीत मुळांना श्वास मिळत नाही, म्हणून ती मुळं चिखलातून वर येतात, गुडघा दुमडल्यासारखी, आणि परत आत जातात. सगळीकडे गुडघेच गुडघे. आत शिरलं की उन्हाळ्यातही अंगावर गारवा येतो आणि खेकडे सरकल्याचा आवाज ऐकू येतो. लहानपणी वाटायचं, देव मांडी घालून बसलाय आणि आपल्याला फक्त त्याचे गुडघे दिसतात. तिथली काडी कुणी उचलत नाही. पडलेलं झाडही तिथेच कुजतं. कुंपण नाही, पाटी आत्ता आत्ता आली. निरंकार म्हणजे ज्याला आकार नाही तो. म्हणून पुतळाही नाही, आणि तो बदलायची भानगडही नाही.

पेडावरचो_मास्तर
सत्तरीच्या बाबाने शेवटच्या ओळीत माझं सगळं भाषण वाया घालवलं. मान्य.

रायबंदरची_फेरी
@सत्तरीचो, घुमटीतल्या वाघाचं कुणी दाखवत नाही हे खरं आहे, आणि आम्ही पणजीत बसून अभयारण्याबद्दल बोलताना काजूची बाग विसरतो हेही.

एक जोड देतो. २०२० मध्ये टाळेबंदीतच मोलेच्या जंगलातून तीन प्रकल्प यायचं ठरलं. रेल्वेचं दुपदरीकरण, महामार्गाचं चौपदरीकरण आणि उच्च दाबाची वीजवाहिनी. तेव्हा रस्त्यावर आलेले बहुतेक विशी-पंचविशीचे होते आणि त्यातले कित्येक मोलेला कधी गेलेलेही नव्हते. चांदरला रात्री रुळांजवळ मेणबत्त्या घेऊन माणसं बसली. मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं रेल्वेच्या त्या टप्प्याची वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. भाचीच्या प्रकल्पात हे घाला. इतिहास म्हणजे फक्त १८५५ नव्हे.

डिचोलीची_सून
अवांतर: ८ डिसेंबरच्या फेस्ताला चर्चकडल्या बागेभोवती खाज्यांचे गाडे लागतात, तेव्हा बाग खरी दिसते. आत मुलं, कठड्यावर म्हातारे, बाहेर आल्याचा आणि गुळाचा वास. ज्यांना व्यवस्था बघायची आहे त्यांनी त्या दिवशी यावं. एका बाकावर किती माणसं मावतात ते कुठल्याच आराखड्यात नसतं.

सांतिनेजची_सावली
सगळ्यांचे आभार. रविवारी भाचीला घेऊन जुन्या गोव्याच्या संग्रहालयात जाऊन आले. ती आल्बुकेर्कसमोर बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, हा केवढा मोठा आहे, मंडपात मावत कसा होता?" परत येताना आझाद मैदानात उतरून तिने पावलांनी मंडप मोजला. मावतो.

गामाचा खांब तिने वहीत काढलाय. सिंहांऐवजी वर प्रश्नचिन्ह काढायचं म्हणत होती, मी नको म्हटलं, मार्क जातील.

आईला सांगितलं की खाडवालो वास्को द गामा होता. ती म्हणाली, "आसूं." म्हणजे असेना. तिला आठवत होतं ते वेगळंच. त्या बागेत बँड वाजायचा तेव्हा तिचे वडील तिला खांद्यावर बसवायचे आणि ती त्या दाढीच्या उंचीला हात पोचतो का ते बघायची. पोचायचा नाही.

प्रकल्पाचा तक्ता असा केला: बागेचं नाव, साल, कुणाच्या ताब्यात, आधी कोण होतं, फाटक कधी उघडतं. शेवटचा रकाना डिचोलीच्या बायसाठी. निरंकाराच्या रायीसमोर भाचीनं स्वतःच लिहिलं, 'फाटक नाही. चपला बाहेर.' आता बाई विचारताहेत की ही नोंद कुठल्या खात्याची.

सत्तरीचो
निरंकाराच्या खात्याची म्हणून सांगा.

आकडेमोड
तक्ता इथे टाका की. आणि बोंडल्यासमोर गुरुवार लिहिलाय ना, तेवढं बघा.

डिचोलीची_सून
ताजी बातमी: झोपाळ्याला साखळी आली. हिरवी दोरी आता कचऱ्याच्या डब्याला बांधलीय. गाठ तीच.